वरून पिता येईल अशी वाइन

माझ्या नोकरीला माहेरी 'ती तसली नोकरी' म्हणायचे. नाव घेतलं तर जीभ विटाळली असती त्यांची. कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात निवृत्त होईपर्यंत वाइनची खरेदी माझ्याकडे होती. कुठल्या देशाची मागवायची, कुठल्या जेवणाबरोबर द्यायची, कुठल्या लग्नाला कुठली उघडायची, हे मी ठरवायची. रामघाटावरच्या भिक्षुकाच्या घरातली मुलगी, त्यात नवरा सोडून आलेली, आणि धंदा हा. गल्लीतल्या बायकांना जन्मभराचा विषय मिळाला. मी पोट भरत होते आणि मान ताठ ठेवून भरत होते. ज्याला खुपत असेल त्याने डोळे मिटावेत, मी कशाला मिटू?

आमच्यात माणसाने ऐंशी ओलांडली, म्हणजे हजार पौर्णिमा पाहून झाल्या, की सहस्रचंद्रदर्शन करतात. बाबांचं दादाने थाटात केलं होतं. दादा माझा मोठा भाऊ, बाबांच्या मागे दशाश्वमेध घाटावर यजमानांची कामं तोच बघतो. वेदपाठशाळेतले ब्रह्मवृंद आले, महाराष्ट्रातून जुने यजमान आले, बाबांना वयाइतक्या दिव्यांनी ओवाळलं. आई त्या दिवशी पहाटेपासून चुलीपाशी होती. विधीला पत्नी शेजारी लागते म्हणून तिला ओल्या हातांनी ओढत आणून पाटावर बसवलं आणि उठवून परत पुरणात पाठवलं. मी ओवाळायला पुढे झाले तर एक काकू म्हणाल्या, तू राहू दे, सवाष्णींना येऊ दे. मी मागे सरले. राग आजही गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे शहराच्या नव्या भागात, सिगऱ्याला राहायला आली. घाटाकडच्या गल्ल्यांतल्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपेनात आणि माझ्या इमारतीला लिफ्ट आहे. गेल्या थंडीत मटार सोलता सोलता ती सहज म्हणाली, "माझीही ऐंशी झाली. माझं कोण करणार गं?"

आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा दुसऱ्याला नको झालेली नेसायची. तिने हे मागितलं, म्हणजे मनात केव्हापासून घोळत असेल.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, विधवेचं करत नाहीत, हा जोडप्याचा सोहळा. कुठल्या शास्त्रात लिहिलंय, विचारलं, तर म्हणाला, रूढी आहे. शास्त्र विचारलं की रूढी सांगायची आणि रूढीला हात घातला की शास्त्र काढायचं, यांची ही पळवाट मी लहानपणापासून बघतेय. मी म्हटलं, ठीक है, मग मी करते. तो म्हणाला, तुला मंत्र येतात का? म्हटलं, नाही येत, पण आई माझ्याकडे राहते.

आईला सांगितलं तर तिचा चेहरा खुलला. मग म्हणाली, लोकांच्या समारंभांना जन्मभर त्या फेसाच्या बाटल्या निवडल्यास, माझ्यासाठीही निवड एक. मला वाटलं, थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. बघू तरी, म्हणाली, कशासाठी एवढ्या शिव्या खाल्ल्यास.

आता ही निवड सोपी असायला हवी होती. पण आमची आई कुठल्याच भांड्याला ओठ लावत नाही. पाणी, ताक, सरबत, सगळं वरून. ओठ लागला की भांडं उष्टं, हे तिच्या हाडांत आहे. पहिल्या संध्याकाळी मी इटलीची प्रोसेक्को आणली. पहिल्यांदा पिणाऱ्याला मी नेहमी हीच द्यायची, कारण हलकी असते, नासपतीचा वास येतो आणि कोणाला घाबरवत नाही. पण तिचा फेस मोठ्या टाकीत आंबवून आणलेला असतो, बुडबुडे ठसठशीत आणि दांडगे. आईने फुलपात्र उंच धरलं, धार सोडली आणि सगळा फेस तिच्या नाकात गेला. शिंका काय, ठसका काय, पदर ओला. डोळे पुसत म्हणाली, ही प्यायची की हिने आंघोळ करायची?

मी चिडले. अगं, ओठ लाव ना ग्लासला, कोण बघतंय? तर म्हणते, "लोकांसाठी तू तुझी नोकरी सोडली नाहीस, मी माझी सवय का सोडू?"

खाण तशी माती. कामावर असताना शॅम्पेनमध्ये बर्फ मागणारे पाहिले, कोल्ड्रिंक ओतणारे पाहिले, पण वरून पिता येईल अशी द्या, असं कोणी म्हटलं नव्हतं. मी ते आव्हान मानलं.

दुसरी नाशिकची आणली. आईचं माहेर नाशिक, तेव्हा मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. वाइन चांगली होती. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, हिरव्या सफरचंदाचा आणि जरा पेरूचा वास. पण कोवळी होती आणि उसळत होती. आईची हनुवटी भिजली. मी म्हटलं, माहेरची आहे गं. ती म्हणाली, म्हणून खोटे गुण गाऊ का? नंतर फ्रान्सची खरी शॅम्पेन झाली. हिचे बुडबुडे सभ्य होते, नाकात गेले नाहीत, पण आईच्या मते आमटीत चिंच जास्त झाली होती. जगभर लोक जिच्यासाठी जीव टाकतात तिला आमच्या आईने एका वाक्यात निकालात काढलं, आणि मला मनापासून आनंद झाला. महाग ते चांगलं, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

शेवटी जुन्या ओळखीतून स्पेनची एक कावा मिळवली. कावाही बाटलीतच आंबते, आणि ही तर कितीतरी वर्षं आपल्या यीस्टच्या गाळावर तळघरात पडून मुरलेली होती. जितकी जास्त मुरते तितका फेस बारीक होतो. हिचा फेस आमच्याकडे थंडीत मिळणाऱ्या दुधाच्या फेसासारखा, मलइयोसारखा, जिभेवर ठेवला की विरणारा. मी बाटली चांगली गार केली, फुलपात्र तिरकं धरून कडेने ओतली, क्षणभर बसू दिली. आईने वरून धार सोडली. एक थेंब सांडला नाही. वास भाजलेल्या बदामाचा. आई म्हणाली, ही चालेल, ही लाडीगोडी लावत नाही.

मग जेवण वाइनप्रमाणे बेतलं. अशा कोरड्या वाइनबरोबर पुरणपोळी खाल्ली तर वाइन नुसती आंबट लागते, म्हणून पुरण रद्द. तसंही त्या पुरणापायी आईने एक सोहळा घालवलाच होता. त्याऐवजी अळूवड्या, तळलेला साबुदाणा आणि थंडीतला चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे. खारट आणि तळलेलं या वाइनला फार मानवतं. आईच्या भजनी मंडळातल्या बायकांसाठी कोकम सरबत केलं, आणि ज्यांना चव बघायची होती त्यांच्यासाठी इटलीची एक गोड वाइन, मस्कत द्राक्षांची. मागणाऱ्या निघाल्या बरं का.

समारंभाच्या दिवशी बायका जमल्या, आई पाटावर बसली, टेबलावर बादलीत बर्फाच्या पाण्यात बाटल्या होत्या. तेवढ्यात दादा आणि वहिनी आले. मी बोलावलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. दादा सोवळ्याची पिशवी घेऊन आला होता. उंबऱ्यातच त्याला बाटल्या दिसल्या. तो आवाज न चढवता बोलला. म्हणाला, मी विचार केला, आईचं मी करतो, मंत्रांसकट, जसं बाबांचं केलं तसं. फक्त हे सगळं आधी घराबाहेर जाऊ दे.

माझ्या डोक्यात सणक गेली. पण आईला जे हवं होतं ते दारात येऊन उभं होतं. खरे मंत्र, स्वतःचा मुलगा, सगळं रीतसर. बाटल्यांचं काय, बाटल्या मी जन्मभर उघडल्या होत्या. मी ती बर्फाची बादली उचलली आणि आत निघाले.

"ठेव ती खाली," आई म्हणाली.

मी थांबले. ती दादाकडे वळली.

"तुझ्या वडिलांना काय अट घातली होतीस?"

दादा म्हणाला, त्यांना कसली अट घालणार.

"मग मला का? चंद्र तर तेच होते. तुझे बाबा घाटावरून बघायचे, मी चुलीपाशी बसून खिडकीतून बघितले. माझे कमी भरले का?"

दादा वळला. पिशवी हातात तशीच होती. जिना उतरून गेला, लिफ्टसुद्धा बोलावली नाही. आईने त्याला थांबवलं नाही. वहिनी त्याच्यामागे दारापर्यंत गेली, आणि मग परत आली. पदर खोचला आणि तुपाच्या वाती लावायला बसली. वयाइतक्या वाती तिने एकटीने लावल्या. ताम्हण भरून उजळलं.

मी म्हटलं, वहिनी, ओवाळा आता, घरातल्या तुम्हीच तेवढ्या सवाष्ण.

आई म्हणाली, "तू ओवाळ."

"आई, मी सवाष्ण नाही."

"मी तरी कुठे आहे? ओवाळ."

वहिनीने ताम्हण माझ्या हातात दिलं आणि मी आईला ओवाळलं.