सगळी गल्ली एका ओट्यावर

उज्ज्वलाचा आवाज मोठा. वडिलांची हयात यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलतात. आज गोडादरा वस्तीतल्या गल्लीत शिरताना मात्र तिला ओरडायला वेगळं कारण होतं.

सकाळीच साहेबांचा फोन आला होता. "बेन, आखी शेरी एकज ओटला पर?" सगळी गल्ली एकाच ओट्यावर कशी, असं ते गुजरातीत विचारत होते.

पाण्याच्या नव्या लाइनीसाठी घरांची नोंद चालू होती. प्रत्येक घराचा नकाशावर एक ठिपका. जिथं ठिपका, तिथं नळ. आणि या गल्लीतले सगळे ठिपके रंभाबाईंच्या ओट्यावर एकावर एक बसले होते. नकाशा संध्याकाळी बंद होणार होता.

हा उद्योग हेमराजचा. तो उज्ज्वलाबरोबरच कामाला लागलेला. रंभाबाईंनी त्याला गाव विचारलं, तर तो निघाला त्यांच्या माहेराशेजारचा. मग त्याला उन्हात फिरू देतात होय? ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि एकेका बाईला तिथंच हाक मारली. बाई नाव सांगायची, हेमराज हातातल्या यंत्राचं बटण दाबायचा. अख्खी गल्ली उरकून तो गेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, सचिन नावाच्या भागात. निस्तरायला उज्ज्वला.

"उनी का पोर? बठ, चहा ठेवस," रंभाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना इथंच बोलावते."

"नका बोलावू! मावशी, हे यंत्र जिथं असेल तिथलाच ठिपका पडतो. नाव कुणाचंही सांगा."

"त्याला कसं कळतं, ते कुठं आहे?"

उज्ज्वलानं कपाळाला हात लावला. "आभाळात उपग्रह फिरतात. ते सारखे वेळ सांगत असतात. तो सांगावा इथवर यायला किती वेळ लागला, त्यावरून हे अंतर काढतं. चौघांची अंतरं मिळाली की जागा कळते. झालं?"

रंभाबाईंनी आभाळाकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

उज्ज्वला तडक शेवटच्या घरी गेली. मालतीबाईंचं घर पत्र्याचं, दोन कारखान्यांच्या उंच भिंतींमध्ये दबलेलं. तिनं दारात उभं राहून बटण दाबलं. नकाशावर ठिपका वस्तीपलीकडच्या खाडीत पडला. पुन्हा दाबलं. आणखी आत, पाण्यात.

"माझं घर खाडीत?" मालतीबाई कडाडल्या. मोठ्या रस्त्यावरून पाण्याचे डबे आणून त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. "खाडीतल्या घराला नळ देतील का गं?"

"नाही देणार. सांगावा या भिंतींवर आपटून येतो, उशिरा पोचतो. यंत्राला वाटतं, लांबून आला."

"म्हणजे वाटेत कुठं चहाला बसला," मागून रंभाबाई म्हणाल्या.

"हो! तुमच्यासारखं कुणीतरी बसवतं त्याला!"

मालतीबाई हसल्या. उज्ज्वला हसली नाही.

एक उपाय होता. रंभाबाईंच्या स्लॅबवर आभाळ मोकळं होतं. तिथला ठिपका नीट पडला असता. तिथून सरळ गल्लीनं मोजत यायचं आणि दिशा नि अंतर भरायचं. मोजायचा टेप कुठं? हेमराजच्या पिशवीत. हेमराज कुठं? सचिनला.

मालतीबाई घरबसल्या साड्यांच्या घड्या घालतात. त्यांनी गठ्ठ्यातून एक साडी ओढली. "साडेपाच मीटर. माझ्या हातचं माप आहे."

स्लॅबवरचा ठिपका घेऊन, पदर संपेल तिथं साडीचं दुसरं टोक ठेवत दोघी निम्म्या गल्लीत पोचल्या. तेवढ्यात रंभाबाई म्हणाल्या, "पण ही ब्लाउजपीससकट आहे."

उज्ज्वला तिथंच उकिडवी बसली. मग ब्लाउजपीस आत दुमडून तिनं पहिल्यापासून मोजायला घेतलं.

या वेळी ठिपका उपग्रहाच्या फोटोतल्या निळ्या ताडपत्रीवर बसला. मालतीबाईंच्याच छपरावरची ताडपत्री. नोंद हिरवी झाली.

"आता नळ?"

"आता येईल."

मागं वळून पाहते तो रंभाबाईंच्या ओट्यावर गल्लीतल्या साऱ्या बाया ओळीनं बसलेल्या. समोर चहाची भरलेली किटली.

उज्ज्वलानं ओरडायला तोंड उघडलं, पण मालतीबाई साडी खांद्यावर टाकून आधीच पुढं झाल्या होत्या.

"उठा गं! आपापल्या दारात उभ्या राहा! आणि रंभा, चहा प्रत्येकीच्या दारात घेऊन ये."