सॉलोमनमामांचा पेटीतला सिनेमा

सॉलोमनमामांनी आयुष्यात एकही सिनेमा धड पाहिला नसेल. दौंडच्या रेल्वे कॉलनीत प्रोजेक्टर चालवायचे ते. पण पुण्याला तिकीट काढून थिएटरात बसले तरी मान वळवून मशीनच्या खिडकीकडंच बघत राहायचे. वर म्हणायचे, "पोटात काय चाललंय ते कळाय पायजे. तोंडाकडं काय बघायचं?"

त्यांची मुलगी मार्था मला पसंत होती. पसंत कसली, मी पार वेडा झालो होतो! आमचे वडील, आबा, मात्र शिरूरच्या चर्चमधले कडक माणूस. "थापाड्याशी सोयरीक न्हाई," हा त्यांचा कायदा.

आणि नेमके बैठकीच्या दिवशीच मामा दिल्लीला पाहिलेल्या टेलिव्हिजनवर घसरले. "तिकडं सिनेमा पडद्यावर न्हाई, कॅमेऱ्याच्या डोळ्यात मारत्यात. मग तो लांबच्या पेटीत दिसतो. आन् तिथं फिल्म जरा जोरात पळते, म्हणून लवकर संपतो."

आबांनी कपबशी खाली ठेवली. "सिनेमा पेटीत घातला की आखूड होतो? मग भाकरी डब्यात घातली की कमी होती व्हय?"

झालं! सोयरीक तिथंच अडली. मी मनातल्या मनात मामांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

पण मामा हार मानणारे नव्हते. पुढच्या रविवारी मार्थाला आणि एक खोकं घेऊन एस.टी.नं शिरूरला हजर. खोक्याला पुढून वाळूनं घासलेली काच, मागून प्रोजेक्टर. "खरा टेलिव्हिजन न्हाई, पन पेटीत कसा दिसतो ते तरी बघा," म्हणाले. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. शेतीखात्याची जुनी फिल्म सुरू झाली. नावांचा भाग कधीच तुटून गेलेला.

काचेवरचा शेतकरी जेवायला बसला आणि आत्या ओरडली, "अगं बाई, मेला डाव्या हातानं जेवतोय!" त्याच्या बायकोचा पदरही उजव्या खांद्यावर. खोलीत नुसता हशा.

शेजारचे आप्पा म्हणाले, "दिल्लीत तसंच दिसत असंल."

मामा, नुसतं 'व्हय' म्हणा हो! मी देवाचा धावा करत होतो.

मामा मशीनमागून पुढं आले, काचेकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "न्हाई! दिल्लीत सरळ दिसतं. चूक माझी हाय. मागून बघितलं, तवा बरोबर वाटलं. पुढून उलटं दिसंल हे ध्यानातच आलं न्हाई."

संपलं, म्हटलं. गेली मार्था.

आबा उठले. "थापाड्या असता तर दिल्लीवर ढकलून मोकळा झाला असता," ते आत्याला म्हणाले. "साखर आण गं. व्याही, पोरगी आमची झाली."

मला उडी मारावीशी वाटली. आत्या साखर घेऊन आली, तर मामा कुठं? भिंतीवरचा आरसा काढत होते. "जरा थांबा व्याही. उजेड आरशावरनं काचेवर मारतो, म्हंजी सरळ दिसंल."

तो शेतकरी उजव्या हातानं जेवेपर्यंत त्या माणसानं साखरेला हात लावला नाही.