शेगडीत बसवलेली भट्टीची फरशी

सासरे गेल्यापासून सासूबाई अंथुर्ण्याच्या आमच्या घरी नुसत्या ओसरीवर बसून असायच्या. चुलीकडे फिरकायच्या नाहीत. धाकट्या दिरांनी पुण्याहून कोळशाची शेगडी आणली, जाडजूड सिरॅमिकची, झाकणाची, रांजणाएवढी. मी मनात म्हटलं, हे नसतं खूळ अंगणात कशाला? पण तिच्या आतल्या गोल दगडी थाळीवर भाकरी कशी भाजते ते बघायला सासूबाई उठल्या आणि "तुला न्हाय जमायचं, सरक," म्हणून मलाच बाजूला केलं. त्या दिवसापासून त्या शेगडीपाशी रमल्या. मी दिरांची मनोमन माफी मागितली.

मग एका दुपारी जेवणं झाली आणि त्यांनी सवयीनं निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. चूल आयुष्यभर तशीच विझवलेली. तापलेली थाळी ताडकन फुटली. "माझा हातच आता कामाचा न्हाय," म्हणत त्या परत ओसरीवर जाऊन बसल्या. थाळीचं मला काही वाटलं नाही, ते वाक्य मात्र फार लागलं.

बारामतीतली भांड्यांची दुकानं पालथी घातली. तसली थाळी बाहेरून मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही, हेच उत्तर. इंदापुरात पाव घ्यायला गेले तेव्हा बेकरीवाल्या चाचांपुढे हे रडगाणं गायले. ते आत गेले आणि भट्टीच्या तळाला बसवायची एक जास्तीची फरशी पंच्यात गुंडाळून घेऊन आले.

"भट्टीची आच सोसती, तुमच्या शेगडीची बी सोसंल. न्या ताई. फकस्त पाणी ओतू नका म्हणावं."

फरशी पंच्यासकट उराशी धरूनच मी घरी आले.

फरशीचे कोपरे घासून ती शेगडीत बसवली. सासूबाईंना बोलावलं नाही. मुद्दाम वाकड्यातिकड्या भाकऱ्या थापत बसले. त्यांना ते बघवेना, उठल्याच. जेवणं झाल्यावर त्यांचा हात तांब्याकडे गेला आणि मी अर्धवट उठले. त्यांनी तांब्या उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि निखारे विझवायला शेगडीवर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी पंचा धुऊन परत द्यायला निघाले, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "रिकामा कसा द्यायचा?" त्यात भाकऱ्या आणि ठेचा बांधला, मग चपला शोधायला लागल्या. सासरे गेल्यापासून त्यांनी गाव सोडलं नव्हतं.

"बघती काय? चल, यष्टी जाईल," त्या म्हणाल्या.