हरिदासची चाकं आणि खारा रस्ता

हरिदास दुर्गे याला किळस फार. आमच्या कोसमटोल्यात माणसाची ओळख सांगताना लोक त्याची शेती सांगतात, नाहीतर सासुरवाडी सांगतात. हरिदासची ओळख सांगताना सांगतात, की तो दुसऱ्याच्या पेल्यानं पाणी पीत नाही. टपरीवरचा कपसुद्धा आधी स्वतः विसळून घेतो. त्याच्या आजाला याच गावात वरून पाणी ओतायचे, आणि आता नातवाला गावाचा पेला नको झालाय, असं काही जण दात ओठ खात कुजबुजतात. तसं काही नाही. त्याला घाण सहन होत नाही, एवढंच.

असा माणूस काळीपिवळी जीप चालवायचा, म्हणजे त्याच्या नशिबाची कमालच. कोसमटोला ते गोंडपिपरी, सकाळी भरून न्यायची, संध्याकाळी भरून आणायची. मी गोंडपिपरीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे पुढच्या सीटवर गिअरच्या दांड्याला गुडघा लावून मी कित्येक वर्षं त्याच गाडीनं गेले. आमच्याकडे निम्मा गाव खर्रा खातो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोट घोटायचा, गालात कोंबायचा आणि वाटेल तिथं पिचकारी मारायची. हरिदासच्या गाडीत बसलेल्या कुणी खिडकीतून थुंकलं आणि त्यातलं काही मागच्या चाकावर उडालं, की तो गाडी बाजूला घेऊन उभीच करायचा.

"उतर," तो म्हणायचा. "आंधी चाक धू. मंग बस."

"अबे, चाक हाय थे! शेणातून जाते, मुतातून जाते!"

"शेण चालते मले. तुह्या तोंडातलं नाई चालत."

आणि माणूस खरोखर उतरून, बाटलीतलं पाणी ओतून चाक धुवायचा. गाडीतले सगळे हसायचे. मीही हसायचे. मीराबाई, म्हणजे हरिदासची बायको, तिला बाया चिडवायच्या की तुझा नवरा रात्री तुझे पाय बघतो की गाडीची चाकं. ती म्हणायची, "चाकं. पायाले का घासायचं हाय!"

चाकांचं हे वेड त्याला बापाकडून आलं. बाप दुसऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकायचा. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवलेली असते. लाकूड वाळलं की धाव सैल होते, आणि भर रस्त्यात निसटली की माल, बैल, माणूस, सगळंच आडवं. म्हणून संध्याकाळी बंडी बोडीत उतरवायची. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं लहानसं तळं. आमच्या बोडीला बंड्यांसाठी केलेला दगडी उतार आहे. रात्रभर चाक पाण्यात भिजलं की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. दिवस मावळायला चाक पाण्यात उतरलं पाहिजे, हे या गावात पोरांना चालायला शिकवताना शिकवलं जायचं. बंड्या गेल्या, उतार राहिला, आणि हरिदास त्याच उतारावर रोज संध्याकाळी जीप धुवायला लागला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मग पलीकडच्या जंगलात खाण आली. टिप्परांनी आमचा डांबरी रस्ता वर्षाच्या आत चावून खाल्ला आणि खाली मुरूम उघडा पाडला. पाऊस संपला की धूळ अशी उठायची की शाळेत पोचेपर्यंत माझ्या दातांखाली रेती करकरायची. लोकांनी रस्ता अडवला. तेव्हा खाणीच्या ठेकेदारानं एक टँकर लावला. दिवाळीपासून होळीपर्यंत तो रस्त्यावर खाऱ्या पाण्याचा फवारा मारायचा. त्या मिठाची गंमत अशी की ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे माती दमट राहते आणि धूळ उडत नाही. धूळ बसली, गावात आनंदीआनंद झाला, ठेकेदाराच्या साहेबाला शाल दिली. मीही टाळ्या वाजवल्या.

पण धुळीच्या जागी जे आलं ते किती घाण होतं, हे मला नीट सांगताही येत नाही. राखाडी, लिबलिबीत, शेंबडासारखा चिखल. चपलेला लागला की निघत नसे, साडीच्या काठाला लागून वाळला की काठ पापडासारखा कडक व्हायचा. चाकांवर त्याचे थरावर थर बसायचे आणि वरून पांढरी खरपुडी धरायची. जीप उभी राहिली रे राहिली की गावातल्या शेळ्या धावत यायच्या आणि चाकं चाटायला लागायच्या. गाई यायच्या. एकदा तर एक म्हातारी गाय ड्रायव्हरच्या बाजूचं चाक चाटत होती, तिची लाळ रिमवरून खाली ओघळत होती, आणि हरिदास दारातून उतरू शकत नव्हता. त्याला ओकारी आली होती.

त्या पहिल्याच हिवाळ्यात रिमचा रंग फुगून सुटला. नखानं खरवडलं तर गंजाचे पापुद्रे हातात यायचे. गोंडपिपरीच्या पंक्चरवाल्यानं पान्याला पाइप लावून जोर दिला तेव्हा मागच्या चाकाचा एक बोल्ट काडीसारखा तुटला. चाक म्हणजे हरिदासची भाकर. गाडीत माणसं बसलेली असताना असा बोल्ट तुटला असता तर काय झालं असतं, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हापासून त्यानं चाकांची तब्येत हातात घेतली. खार वाळायच्या आत गाडी बोडीत उतरवायची. चाकाच्या आतल्या अंगाला हात घालून, बोटं फिरवून सगळा चिखल काढायचा. मीराबाईच्या जुन्या लुगड्यानं कोरडं पुसायचं. मग रिमवर आणि बोल्टांवर टोळीच्या तेलाचा, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा हात फिरवायचा, पण ब्रेककडे थेंबही जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या हिवाळ्यात सगळ्या गाड्यांची चाकं सडली, हरिदासची शाबूत राहिली. बातमी पसरली. आधी दोन ट्रॅक्टरवाले बोडीवर आले, मग दुसऱ्या काळीपिवळ्या आल्या, आणि मग गावचाच कुलदीप टिप्पर घेऊन आला. कुलदीप खाणीवर ड्रायव्हर. त्याला मालकानं बजावलं होतं की रिम खराब झाले तर तुझ्या पगारातून. हरिदासनं त्याला स्वतः पाण्यात उभं राहून शिकवलं. "असा आतून हात घाल. खार आतच लपून राह्यते." कुलदीपच्या मागं त्याचे सोबती आले. संध्याकाळी बोडीवर टिप्परांची रांग लागायला लागली, आणि एकेका टिप्परच्या चाकांमधून टोपलंटोपलं चिखल पाण्यात पडायचा.

हरिदास पाळीवर उभा राहून सगळ्यांना बघायचा. त्या दिवसांत तो फार सुखात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला गाव किळसखोर म्हणून हसायचं, त्याच्याकडे आता गाव शिकायला येत होतं.

यंदाच्या माघात एका सकाळी जीप भरत आली होती. मी बसले होते, मागं गुणवंतराव बसले होते. हे गुणवंतराव सोसायटीत नोकरीला, आणि गाडीला पाच मिनिटं उशीर झाला की सरकार कोसळल्यासारखा आरडाओरडा करणारे. तेवढ्यात सोनीबाई आली. बोडीच्या खालच्या अंगाला सोनीबाईची वाडी आहे. थंडीत ती मिरची, वांगी, सांबार लावते आणि बोडीचं पाणी घागरीनं घालते. सांबार म्हणजे कोथिंबीर. त्याच्यावरच तिचा उन्हाळा निघतो. तिच्या हातात पाण्यानं भरलेला गडवा होता. ती कुणाशी बोलली नाही, सरळ हरिदासच्या खिडकीपाशी गेली.

"पे," ती म्हणाली.

दुसऱ्याच्या गडव्यातलं पाणी! सगळे बघायला लागले. हरिदास मान मागं घेत म्हणाला, "काऊन? काय हाय?"

"बोडीचं हाय. पे म्हणलं न."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं गडवा घेतला आणि तोंडाला लावला. पुढच्या क्षणी त्यानं दार उघडून भडाभडा थुंकलं. पुन्हा थुंकलं. बाहीनं जीभ पुसली.

"खारं हाय," तो म्हणाला.

"माह्या सांबाराची पानं जळाली. मिरचीची फुलं गळून राह्यली. मले वाटलं रोग हाय, फवारा मारला. काल बकरीनं पाणी तोंडात घेतलं आन् सोडून देल्लं, तवा मी चाखलं." सोनीबाई ओरडत नव्हती. "थे तुमच्या चाकाचं पाणी हाय, भाऊ. तुमी आपले चाकं वाचवले. माह्या वाडीत आणून टाकलं सारं."

हरिदासनं गडवा तिच्या हातात परत दिला आणि गाडी सुरू केली.  घाट लागला तिथं गाडी थांबवून तो झुडपाआड गेला आणि ओकला. परत आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, मी रोज थ्याच पाण्यात हात घालून राह्यलो. मलेच काऊन नाई समजलं? लोकायची थुंकी दिसे मले. माही घाण नाई दिसली." त्याच्या चेहऱ्यावर जी किळस मी नेहमी दुसऱ्यांसाठी पाहिली होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या स्वतःसाठी होती. मला ते बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी तो बोडीवर गेला. जीप पाण्यात उतरवली नाही. रांगेतल्या एकेकाला तो हात जोडून सांगायला लागला, की बाबांनो, इथं धुऊ नका, पाणी खारं झालं. लोक हसले.

"भाऊ, तुमीच त शिकवलं," कुलदीप म्हणाला.

"मी चुकलो न बाप्पा. आता सांगून राह्यलो, नको धुवू."

"मंग कुठी धुवू? मालक मले पगार देईन का सडल्या रिमाचं बिल? तुमचे रिम वाचले, आता आमचे सडू द्या म्हणता?"

हरिदास खाणीच्या गेटवर गेला. तिथल्या साहेबानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि बोडीवर गाड्या धुणं हा गावाचा आपसातला प्रश्न असल्याचं अतिशय गोड शब्दांत सांगितलं. हे मला हरिदासनं सांगितलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. शिवी देणारा माणूस परवडला. ही गुळगुळीत माणसं नकोत. ग्रामपंचायतीनं ठराव घेऊ म्हटलं. तोवर रांग रोज लागतच होती आणि बोडी उन्हानं आटत, आणखी खारट होत चालली होती.

मग एका सकाळी आम्ही स्टँडवर उभे होतो आणि जीप आलीच नाही. बोडीकडून हॉर्न ऐकू येत होता, लांबलचक, न थांबणारा. आम्ही सगळे तिकडे गेलो.

हरिदासनं जीप बोडीच्या उतारावर आडवी लावली होती. पाळीच्या दोन दगडांच्या मधोमध, अशी की बाजूनं सायकलही जाऊ नये. आणि चारही चाकं काढून घेतली होती. जीपचं पोट सरळ दगडांवर टेकलं होतं. इतक्या वर्षांत ज्या गाडीच्या चाकावर त्यानं खर्ऱ्याचा एक डाग राहू दिला नाही, ती बोडीच्या काळ्या गाळात उघड्या हबांवर बसली होती. तिच्यासमोर रात्रपाळी करून धुवायला आलेला कुलदीपचा टिप्पर गुरगुरत उभा होता, मागं बाकीच्यांची रांग. हरिदास बॉनेटवर बसला होता.

"बाजूले घ्या भाऊ!" कुलदीप खिडकीतून ओरडला. "ढकलून देईन, सांगतो!"

"ढकल. चाकं नाईत तिले, सरकनार नाई. टिप्पर चढवून न्या लागन तुले, आन् मी बसलो हाव वरतं."

कुलदीपनं हॉर्न दाबून धरला. हरिदासनं कानांवर हातसुद्धा ठेवले नाहीत. कुलदीपचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्यानं टिप्पर मागं घेतला आणि चिखलानं बरबटलेल्या चाकांनिशी निघून गेला. मागची रांगही एकेक करून वळली. सोनीबाई पाळीवर उभी होती. ती म्हणाली, "आता तुमी खासाल काय, भाऊ?"

हरिदास उत्तर द्यायच्या आत गुणवंतराव पुढं झाले. "थे सोड. आमी जावाचं कसं थे सांग! दुसरी गाडी नाई या टायमाले!"

"पायी," हरिदास म्हणाला.

तर आम्ही पायी निघालो, बस मिळते त्या फाट्यापर्यंत. चपला चिकटत होत्या, काठ भरत होते. गुणवंतराव सबंध वाटेनं हरिदासला शिव्या घालत होते. एका बाईच्या मिरचीसाठी सगळ्या गावाला वेठीस धरलं, चालती गाडी सडवली, माणूस पहिल्यापासूनच अर्धवट. बाकीचे हं हं करत होते. मला सगळ्यांचा इतका वीट आला होता की मी चार पावलं पुढं चालायला लागले.

समोरून ठेकेदाराचा टँकर आला. मागच्या पाइपातून खारं पाणी रस्ताभर पसरत होतं. आम्हाला बघून ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि फवारा बंद केला, आमचे कपडे भिजू नयेत म्हणून. आमच्याजवळून जाताना त्यानं हात उंचावला. आम्ही मागं पडल्यावर फवारा पुन्हा सुरू झाला.

गुणवंतरावांनीही हात हलवला. "चांगला माणूस हाय बाप्पा," ते म्हणाले.