बायच्या कपाळावरचं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही आणि माझ्या मैताला येणार नाही. ऐकून नाक मुरडाल — मुरडा. मी काही रडायला बसलेली नाही.

माझी थोरली बहीण नर्मदा. आम्ही तिला बाय म्हणायचो. दिघाशीला माहेरच्या घरात राहायची, लकवा मारलेल्या आईसोबत. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, भिवंडीला लूम चालवायचे. ऐंशी साली एक दिवस शिफ्ट संपवून बाहेर पडले ते घरी आलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. भांडण झालं होतं का? झालं असेल. कुठल्या घरात होत नाही?

बायने कुंकू पुसलं नाही. का पुसावं? माणूस गेला होता, मेला नव्हता. दर ज्येष्ठात ती वडाला सूत गुंडाळायची, दिवसभर पाणी प्यायची नाही. आणि आवाज तर असा, की आसपासच्या चार गावांत हळद लागली की पहिलं बोलावणं तिलाच. आमच्याकडे हळदीची गाणी म्हणायला सवाष्णच लागते. विधवा कितीही गोड गाऊ दे, ती मांडवाच्या मागे भांडी घासणार. ही रीत मी केलेली नाही. पण मी तिच्याआड लपले, हे खरं.

अठ्ठ्याऐंशीच्या माघात ती भिवंडीला माझ्याकडे आली. मी एका कारखान्यात कामगारांची हजेरी लिहायचे. दहा गावचे लोक ओळखीचे, म्हणून तिला वाटलं हिला शोध लागेल. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तो हाय का न्हाय, येवढंच सांग मना. परत आण असं न्हाय बोलत मी."

शोध लागायला आठवडासुद्धा लागला नाही. भावजींच्या शेजारच्या लूमवर असलेला एक भय्या म्हणाला, "वो तो अकलोली में था, कुंड के पास." मी रविवारी वज्रेश्वरीची एस.टी. पकडली आणि तिथून चालत अकलोलीला गेले. गरम पाण्याच्या कुंडांजवळ नारळ-फुलं विकणारी एक बाई सापडली. कपाळ मोकळं. भावजींचं नाव काढलं तशी तिने पाटीतली फुलं बाजूला सारली आणि मला बसायला जागा केली. ते दोन वर्षांपूर्वी वैशाखात गेले होते. पोटात पाणी झालं होतं म्हणे.

"पयलीला कळवायचं व्हतं," ती म्हणाली. "माझी हिंमत न्हाय झाली. तुमी सांगा तिला."

ग्रामपंचायतीत नोंद होती. मेहुणी म्हणून सांगितलं आणि मृत्यूचा दाखला मिळवला. परतीच्या गाडीत तो मांडीवर धरून बसले होते. एकाच माणसाच्या दोन बायका — एक अकलोलीला विधवा, दुसरी दिघाशीला सवाष्ण. बायने दोन वटपौर्णिमा मेलेल्या माणसासाठी धरल्या होत्या. त्या दोघींनी सत्य माझ्या हातात दिलं होतं, एकीने मागून आणि एकीने सांगून.

वाटेत दिघाशीला उतरून माहेरी गेले. बाय उंबऱ्यातच उभी होती. मी म्हणाले, "आहेत. तिकडे संसार मांडलाय. ते काही येणार नाहीत."

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "हाय ना? बास."

का बोलले असं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले — माझ्या मुलीचं लग्न त्याच वैशाखात होतं, हळदीला बायचाच आवाज हवा होता, तिला भांड्यांपाशी बसलेली मला बघवली नसती. हे खोटं नाही. बाय गायलीही अशी, की व्याही मंडळी जेवायचं विसरली. त्या खोट्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही. गावाने रीत तशी ठेवली, तर गावाला तसंच उत्तर मिळणार.

पण लग्न उरकलं. मग? मग का नाही सांगितलं?

सांगते. इथवर आलेच आहे तर.

एक्याण्णव साली पलीकडच्या पाड्यावरचा सुदाम गवंडी घरी आला. विधुर, कामसू, निर्व्यसनी माणूस. बायशी पाट लावायची त्याची इच्छा होती. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न म्हणून कुणी बोट दाखवत नाही. त्याला वाटलं होतं, इतकी वर्षं पत्ता नाही म्हणजे नवरा मेलाच असणार. मी त्या दिवशी माहेरीच होते, आतल्या खोलीत आईचं अंथरूण बदलत होते. ओटीवर बाय त्याला म्हणाली, "माझा मानूस हाय अजून. बहिणीनं सोता बघितलाय." आणि मग, "नसता तर येगली गोष्ट व्हती."

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातात आईची ओली चादर होती, आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला — ही गेली तर हे सगळं माझ्या गळ्यात पडेल. माझी ड्युटी, माझी दोन खोल्यांची जागा, आणि त्यात ही आई. मी चादर पिळली आणि वाळत घालायला मागच्या दारी गेले. रीत नाही, मान नाही, बायवरची माया नाही. मला आईचं करायचं नव्हतं, म्हणून मी बहिणीला मेलेल्या नवऱ्याशी बांधून ठेवलं.

आई त्र्याण्णवला गेली. तोवर सुदामने दुसरं घर केलं होतं. तेव्हा तरी काय अडलं होतं? काही नाही. तोंड उघडलं नाही, एवढंच. मला माहीत झाल्यानंतर बायने वडाचे नऊ उपास केले. त्या प्रत्येक दिवशी मी कामावर डब्यात पोळी-भाजी नेऊन नीट जेवत होते.

सत्त्याण्णवच्या होळीआधी बाय काविळीने गेली. गावातल्या बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, हातभर हिरव्या बांगड्या चढवल्या. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची गं, अहेव गेली." नवऱ्याच्या आधी गेली म्हणून बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग मला पुढे ढकललं. सख्खी बहीण, सवाष्ण — शेवटचं कुंकू मीच लावायचं.

दाखला माझ्याजवळ होता. का घेऊन गेले होते, मला माहीत नाही. चोळीत घडी करून ठेवला होता, वाकले तसा टोचला. सुदाम अंगणात तिरडी बांधत होता.

मी तिच्या कपाळावर कुंकू लावलं. मोठं लावलं, रुपयाएवढं, सगळ्यांना दिसेल असं.