स्वरूपाचे आठ तास

माझी धाकटी बहीण स्वरूपा काय करते, असं कुणी विचारलं की नऊ वर्षं माझं एकच उत्तर होतं. "पानिपतला हँडलूममध्ये असते." ते अगदीच खोटं नव्हतं. पानिपतला ती जायची. तिथे परदेशातले जुने कपडे गाठोड्यांनी येतात, बायका बसून त्यांची बटणं आणि चेन कापून काढतात, मग त्या चिंध्यांचं पुन्हा सूत होतं. तशा एका गोदामात स्वरूपा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर पडून राहिली होती. येणाऱ्या प्रत्येकाने तिच्या अंगावर एकेक जुना कपडा टाकायचा, असं ते काम. शेवटी तिचं फक्त तोंड दिसत होतं. पुढे तीन महिने ती खोकत होती आणि मी बाबांना सांगत होते, धुळीची ॲलर्जी आहे.

तिला परफॉर्मन्स आर्टिस्ट म्हणतात. चित्र नाही, मूर्ती नाही. स्वतःचं शरीर घेऊन लोकांपुढे उभं राहायचं. एकदा एका पाडलेल्या वस्तीतल्या घरांचे नंबर उघड्या पाठीवर रंगवून घेऊन ती तीन दिवस त्या मोकळ्या जागेत पाठमोरी बसली होती. पेपरात फोटो आला. गुडगावला आमच्या सोसायटीच्या लॉबीत तो पेपर पडलेला असतो. मी त्याची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. जणू दिल्लीत तेवढा एकच पेपर छापला होता!

आणि ही बाई घरात कशी? आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघी एका खोलीत वाढलो, पण तिने माझ्यासमोर कधी कुर्ता बदलला नाही. दाराआड उभी राहायची, "ताई, उधर बघ ना," म्हणायची. पालीला घाबरते. दहीभातावर मेतकूट लागतं, पण त्याचं नाव तिला आठवत नाही. "ते पीलावालं दे" म्हणते. दिल्लीत जन्मलेली, तिचं मराठी तसंच. मेट्रोत कुणाला जागा दिली आणि त्याने आभार मानले तर लाल होते. इतकी लाजाळू मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही.

मी एकदा चिडून विचारलंही होतं, "तुला लाज नाही वाटत ग?"

"बहुत वाटते, ताई," ती म्हणाली. "म्हणून तर करते. जिला वाटतच नाही, तिने करून काय फायदा?"

मला ते तेव्हा नाटकी वाटलं होतं.

आता माझ्याविषयी. मी मृणाल. मानेसरला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआर बघते. आमच्या लाइनवर सगळ्या मुली आणि बायका, बोटं चपळ लागतात म्हणून. चार वर्षांपूर्वी साहेबांनी आकडा दाखवला, की एक बाई बाथरूमला गेली की सरासरी अकरा मिनिटं लाइन अडते. उपाय मी काढला. प्रत्येक लाइनला एक पिवळं प्लॅस्टिकचं कार्ड. ते गळ्यात अडकवूनच बाहेर जायचं, परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही, कार्ड सुपरवायझरकडे राहणार. अकराची चार मिनिटं झाली. मला वर्षाचं बक्षीस मिळालं, सगळ्यांसमोर टाळ्या वाजल्या.

त्या दिवाळीत बाबांकडे जेवताना मी हे कौतुकाने सांगितलं. स्वरूपा फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसली होती.

"आणि कुणाची पाळी आली असेल तर?" तिने विचारलं.

"मग सुपरवायझरला सांगायचं. आम्ही काही राक्षस नाही."

"सुपरवायझर बाई आहे?"

"नाही," मी म्हणाले आणि चकलीचा डबा पुढे केला. विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले. पुढे ती वर्षभर मानेसरच्या शेअर ऑटोच्या स्टँडवर जाऊन बायकांशी बोलत होती, त्यांच्याकडून वायर खोचायला शिकत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत तिने बाबांच्या फोनवर एक निमंत्रण पाठवलं. 'आठ तास. सादरीकरण : स्वरूपा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.' बाबांचं वय एक्याऐंशी. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, तरी मराठी मंडळात अजून त्यांना अण्णासाहेब म्हणून मान आहे. स्वरूपा लहानपणी सात वर्षं गाणं शिकली होती. बाबांनी निमंत्रण वाचलं आणि त्यांची समजूत झाली की पोरीने गाणं पुन्हा धरलं, आणि तेही सलग आठ तास! त्यांनी मंडळाच्या श्यामकांतकाकांना फोन केला. मंडळाने लगेच सत्कार ठरवला. शाल, नारळ, दोन शब्द.

मी एका वाक्यात ही चूक सुधारू शकत होते. पण मग ती काय करते ते सांगावं लागलं असतं, आणि नऊ वर्षांचं हँडलूमही निस्तरावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले. फार तर कशाखाली तरी पडून राहील, मी मनाशी म्हटलं. म्हातारी माणसं तासभर बसतील आणि जातील.

शनिवारी मंडळाचे वीस-बावीस जण कोपर्निकस मार्गावर एका कॅन्टीनमध्ये जमले, तिथे जेवले आणि तीनच्या सुमारास जवळच्या एका हॉलमध्ये आले. बायका सिल्कच्या साड्यांत, चंद्रप्रभाकाकूंच्या मांडीवर नारळ. पुढच्या तीन रांगा आम्हीच भरल्या. तानपुरा कुठेच नव्हता. समोर एक लांब टेबल, त्यावर वायरींचे रंगीत गुंते, आणि करड्या कोटात, डोक्याला टोपी घालून उभी असलेली स्वरूपा. ती एकेक वायर उचलून खाचेत खोचत होती. बाजूला पाण्याचा माठ. दर अर्ध्या तासाने घंटा वाजली की ती एक ग्लास पाणी प्यायची.

भिंतीवर हिंदीत नियम लिहिले होते. एक कार्ड प्रेक्षकांत फिरत राहील. ज्याच्या हातात ते असेल त्याला ती विचारेल. त्याने उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि 'जाइए' म्हणायचं, की तिला चार मिनिटं बाथरूमला जाता येईल. तसं करायचं नसेल तर कार्ड पुढच्याला द्यायचं.

कार्ड पिवळं होतं. कोपरा गोल कापलेला, वर लाल पट्टी. ती पट्टी लांबून दिसावी म्हणून मी स्वतः पसंत केली होती. खाली कारखान्याचं नाव असतं तिथे तिने काही लिहिलं नव्हतं. माझी अब्रू तिने राखली होती, आणि ते कळून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळपासून दोनदा कुणी तरी तिला सोडलं होतं, असं मागाहून कळलं. कॉलेजची मुलं होती. आम्ही आलो आणि कार्ड आमच्या रांगांत शिरलं ते तिथेच अडकलं. स्वरूपा विचारायची, "सर, जाऊँ? मैडम, जाऊँ?" आणि आमची माणसं कार्ड कोपऱ्यात धरून पुढे सरकवायची. त्यांच्यात कुणीही दुष्ट नव्हतं. पण चारचौघांत उभं राहून, नाव सांगून, दुसऱ्याच्या मुलीच्या लघवीला हो म्हणायचं? श्यामकांतकाका भिंतीकडे बघत राहिले. चंद्रप्रभाकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "काय ग हे बाई? गाणं कधी आहे?"

चार वाजून गेले. स्वरूपा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. कपाळावर घाम. बोटं मात्र चालू. आमच्या लाइनवरच्या मुलीही अशाच उभ्या राहतात. काचेतून मी रोज बघते आणि मला वाटायचं, थकल्यात.

कार्ड बाबांकडे आलं. बाबांनी चष्मा लावून भिंतीवरचे नियम सावकाश वाचले होते. त्यांना स्वतःला प्रोस्टेटचा त्रास आहे, कुठल्याही कार्यक्रमाला दाराजवळची खुर्ची धरतात. ही माणसं काय करताहेत, ते त्या सगळ्यांत बाबांनाच कळलं असावं. स्वरूपाने त्यांनाही तसंच विचारलं, "सर, जाऊँ?" त्यांनी काठी टेकली आणि उठायला लागले.

मी त्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं.

"बाबा, बसा. सगळे बघताहेत," मी म्हणाले. मला तमाशा नको होता. बाबा उठतील, रडतील, मग मागचे लोक कुजबुजतील. अर्ध्या क्षणात एवढंच मनात आलं. बाबा खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आता कार्ड माझ्याकडे होतं. स्वरूपाने वायर खाली ठेवली आणि माझ्याकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं असेल.

"मैडम, जाऊँ?"

मी घड्याळ बघितलं. का बघितलं, मला सांगता येणार नाही. चार वर्षांची सवय, दुसरं काय. आणि माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले, स्पष्ट, मोठ्याने, रोजच्या आवाजात.

"थोड़ा रुको. दो मिनट."

तिला दोन मिनिटं रुकता आलं नाही.

तो आवाज, टेबलाखाली फरशीवर पसरत गेलेलं पाणी, ते मी सांगत बसत नाही. स्वरूपाने मान खाली घातली. कानांपर्यंत लाल झाली. दाराआड कपडे बदलणारी माझी बहीण वीस ओळखीच्या माणसांसमोर ओल्या पायांनी उभी होती, आणि तिने हात पुढे करून पुढची वायर उचलली. पाच वाजायला चाळीस मिनिटं होती.

मंडळाची माणसं उठली. खुर्च्यांचा आवाज झाला. शाल आणि नारळ मात्र आठवणीने परत नेले. मी आणि बाबा बसून राहिलो.

मागच्या रांगेतून एक बाई फडकं घेऊन पुढे आली. पार्वती. आमच्याच कारखान्यात तिसऱ्या लाइनवर असते, सहा वर्षं झाली. मला पाहून ती थबकली. सवयीने हात जोडून म्हणाली, "नमस्ते मैडम." मी अर्धवट उठले. फडकं तिच्या हातून घ्यावं असं वाटलं, खरंच वाटलं. ती म्हणाली, "आप बैठिए मैडम, मैं कर देती हूँ." आणि मी बसले. ती स्वरूपाच्या पायांपाशी उकिडवी बसून फरशी पुसू लागली आणि मी मांडीवर कार्ड घेऊन बघत राहिले. आयुष्यात मला अनेकदा ओशाळवाणं झालंय, पण ते सगळं त्या बसण्यापुढे काहीच नव्हतं.

परतताना गाडीत स्वरूपाने मागच्या सीटवर स्वतःच पेपर पसरला, सीट खराब होऊ नये म्हणून. आयटीओच्या सिग्नलला मी कसंबसं म्हणाले, "मला कळलंच नाही ग, मी काय बोलले."

"अच्छा," ती म्हणाली. सिग्नल सुटल्यावर म्हणाली, "बाकी सगळ्यांनी कार्ड नुसतं पुढे दिलं, ताई. जवाब फक्त तू दिलास." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. घर आल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि तिच्या आधाराने जिना चढले. माझा आधार त्यांनी घेतला नाही.

सोमवारी मी कार्डं बंद करायचा विषय मीटिंगमध्ये काढला. साहेब म्हणाले, "बिल्कुल, पण डेटा लाओ." मी डेटा गोळा करते आहे. कार्डं अजून आहेत.

आठवड्याने स्वरूपाचा फोन आला. त्या दिवसाचं चित्रीकरण ती बाहेर दाखवायला पाठवणार होती.

"तुझा चेहरा नाही त्यात," ती म्हणाली. "आवाज आहे. ठेवू की काढू?"

मला विचार करायला वेळ लागला असता तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. मी लगेच म्हणाले, "काढ."

"चलो, ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने काढला. हुज्जत घातली नाही.

तो व्हिडिओ आता कुणालाही बघता येतो. बाई विचारते, "मैडम, जाऊँ?" मग काहीच ऐकू येत नाही, आणि मग ते होतं. खाली लोक तळतळून लिहितात, किती निगरगट्ट माणसं ही, साधं उत्तरही कुणी दिलं नाही. मी ते सगळं वाचते.

उत्तर दिलं होतं. मी दिलं होतं, माझ्या सख्ख्या बहिणीला, आणि मग ते पुसायलाही तिलाच लावलं.