खूण करायची राहिली

सदा गेल्याचं मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं. समोर ताटात उसळ, आणि फोनवर त्याच्या मुलीचा आवाज... "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेता घेता." मी येतो म्हणालो. आणि लाज वाटते सांगायला, पण मनात पहिला विचार आला तो हा, की आता त्याचे फोन टाळावे लागणार नाहीत.

सदा मूळचा कोकणातला, समुद्राकाठचा. चाकणला आमच्याच कंपनीत त्याने प्रेस शॉपला पत्रे दाबण्यात आयुष्य काढलं, कुरुळीत घर बांधलं, पण पाणी काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. निवृत्तीनंतर गड्याने अंगणातच ॲल्युमिनियमच्या पत्र्याची छोटी होडी बांधायला घेतली. धरणात गळ टाकून निवांत बसायचं, एवढीच हौस. तिला बॅटरीवरची मोटर आणि पुढे-मागे दिवे लावायचे होते, आणि वायरिंग म्हटलं की मी. गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझे केस पांढरे झालेत, त्यामुळे घमेंडही तेवढीच. गाडीत करतो तसंच केलं. दिव्याची एक तार बॅटरीला, परतीची सरळ पत्र्याला. एकेक नट आवळला आणि त्यावर पिवळ्या मार्करची रेघ मारली. आमच्या असेंब्ली लाइनवर त्या रेघेचा अर्थ, मी तपासलंय, जबाबदारी माझी. रेघ नसेल तर गाडी पुढे सरकत नाही.

सदाने वाकून बघितलं. "मेल्या, पाण्यात पत्र्याला तार देत नाहीत. करंट पत्रा खातो. भोकं पडतील."

शेजारपाजारचे सगळे बघत उभे होते. मला मिरच्या झोंबल्या. "तू वल्हं मार राव, वायरिंग मला शिकवू नको," असं म्हणून मी मार्कर तिथेच टाकला आणि निघून आलो. त्याचं बरोबर आहे हे पिंपळे सौदागरला घरी पोचायच्या आतच मला कळलं होतं. कळलं म्हणूनच परत गेलो नाही. त्याचे फोन येत राहिले, "ये की रे विलास, रविवारी." मी कधी शिफ्ट सांगायचो, कधी ओव्हरटाइम. त्याच्या आवाजात राग नसायचा... असता तर बरं झालं असतं. मला वाटायचं, होडी एव्हाना धरणात फिरत असेल आणि हा मला चिडवायला बोलावतोय.

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी वहिनींनी बोलावलं. होडी अंगणातच होती, ताडपत्रीखाली.

"धरणावर नेलीच नाही?" मी विचारलं.

"हे तुमच्यासाठी थांबले होते," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, जा की आता एकदाचे. तर म्हणायचे, विलासने बघितल्याशिवाय गाडी लाइनबाहेर जात नाही."

मी बसायची फळी उचलली. प्रत्येक दिव्याची परतीची तार त्याने वेगळी ओढून थेट बॅटरीपर्यंत नेली होती. माझ्या जुन्या तारा नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या. नट सगळे नवे, पण एकावरही रेघ नव्हती. माझा मार्कर सुतळीने स्विचजवळ बांधलेला होता.

आता मी दर रविवारी कुरुळीला जातो, कोणी बोलावत नाही तरी. ताडपत्री काढतो, एकेक नट हाताने हलवून बघतो, वहिनींनी दिलेला चहा पितो. मार्करचं टोपण उघडतो... आणि परत लावतो. सगळे नट घट्ट आहेत, सदा. पण रेघ काही माझ्याच्याने मारवत नाही.